फेडरल कोर्ट म्हणजे 'वरचं कोर्ट' नव्हे, ताई

पत्र थोडक्यात: न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. त्यांचा धाकटा भाऊ ग्रीन कार्डवर इथे होता. पार्किंग लॉटमधल्या एका मारामारीच्या केसमध्ये ज्युरीने दोषी ठरवलं, आठ वर्षांची शिक्षा झाली, आणि 'नो अर्ली रिलीज अ‍ॅक्ट'मुळे त्यातली 85 टक्के भोगल्याशिवाय परोल नाही. अपेलेट डिव्हिजनने, म्हणजे राज्याच्या अपील कोर्टाने, अपील फेटाळलं, मग राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही सर्टिफिकेशन, म्हणजे केस ऐकायला घेणं, नाकारलं, त्याला आज 240 दिवस झाले. अपीलात एकच मुद्दा होता, की भावाने वकील मागितल्यावरही पोलीस प्रश्न विचारत राहिले. पण ताईंच्या मते खरी चूक वेगळीच आहे. भावाबरोबर काम करणाऱ्या एकाने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं आणि ट्रायलच्या वकिलाने त्याला साधा फोनही केला नाही. आता ओळखीतले एक काका म्हणतात, स्टेटची कोर्टं एकमेकांना सांभाळून घेतात, थेट फेडरलमध्ये हेबियस कॉर्पस, म्हणजे 'ही कैद बेकायदेशीर आहे' असा अर्ज, टाका. एक वकील म्हणाले, स्टेटमध्ये पीसीआर, म्हणजे शिक्षेनंतर दाद मागायचा अर्ज, टाकायला पाच वर्षं असतात, घाई कशाला. आणि सांगलीहून आई रोज फोनवर विचारतात, "वरच्या कोर्टात का जात नाही गं अजून?" ताई विचारतात, घरावर कर्ज काढून फेडरलचा वकील करू की स्टेटच्याच पायऱ्या परत चढू, आणि तोपर्यंत त्याची शिक्षाच संपली तर?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन घेऊन फक्त तारखा उतरवून काढल्या. मी वकील नाहीये, पण वकिलाच्या ऑफिसात अशाच केसेसची कागदपत्रं लावण्यात माझी बरीच वर्षं गेलीत, आणि त्यात एक शिकले की माणसं कायद्याच्या मुद्द्यावर हरतात त्यापेक्षा जास्त वेळा तारखेवर हरतात. म्हणून बाकी सगळं नंतर, आधी तारखा.

फेडरल हेबियससाठी एक वर्षाची मुदत असते, हा कायदा एप्रिल 1996 मध्ये झाला, ओक्लाहोमा सिटीच्या बॉम्बस्फोटानंतरच्या वर्षी. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने नाही म्हटल्यावर वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टात जायला 90 दिवस मिळतात, तुम्ही गेला नाहीत तरी ते 90 दिवस तुमच्या पदरात पडतात, आणि ते संपले की एक वर्षाचं घड्याळ सुरू होतं. म्हणजे 240 मधून 90 वजा करा, 150 दिवस ऑलरेडी गेलेत. 365 मधून 150 गेले, राहिले 215. ताई, हे घड्याळ आत्ता चालू आहे, तुम्ही हे वाचताय तेव्हासुद्धा.

हे घड्याळ थांबवायचा रस्ता एकच, स्टेट कोर्टात पीसीआर म्हणजे पोस्ट कन्व्हिक्शन रिलीफचा अर्ज नियमाप्रमाणे आणि वेळेत दाखल करणं. तो पेंडिंग आहे तोवर फेडरलचं वर्ष जागच्या जागी थांबतं. आता त्या वकिलांच्या 'पाच वर्षां'कडे येते. ते खोटं बोलले नाहीत, न्यू जर्सीच्या नियमात पाच वर्षं आहेत, पण ती जजमेंट ऑफ कन्व्हिक्शनच्या, म्हणजे शिक्षेच्या लेखी निकालाच्या, तारखेपासून मोजतात, अपील संपल्यापासून नाही, त्यामुळे अपीलात गेलेला काळ त्यातूनच वजा झालाय. आणि दुसरं म्हणजे स्टेटची पाच वर्षं आणि फेडरलचं एक वर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा तुम्ही चौथ्या वर्षी पीसीआर टाकला, स्टेट कोर्ट तो आनंदाने ऐकेल, पण फेडरलचं वर्ष त्याआधीच संपलेलं असेल आणि संपलेलं वर्ष पीसीआर टाकून परत जिवंत होत नाही. आमच्याकडे एक घर असंच आलं होतं, सगळे कागद व्यवस्थित फाइलला लावलेले, पोरगा आत, मुद्दाही चांगला, आणि वर्ष उलटून सात महिने झाले होते. त्या माउलीला ते समजावून सांगायची पाळी माझ्यावर आली होती, म्हणून तुम्हाला इतकं ठासून सांगतेय.

आता 'वरचं कोर्ट'.

आईंचा प्रश्न आपल्याकडच्या हिशोबाने अगदी बरोबर आहे. आपल्या डोक्यात एकच जिना असतो, तालुक्याचं कोर्ट, जिल्ह्याचं, हायकोर्ट, मग दिल्ली. एक पायरी चुकली तर पुढची चढायची. अमेरिकेत मात्र शेजारीशेजारी दोन इमारती आहेत आणि प्रत्येकीला आपापला जिना आहे. भावाला शिक्षा झाली ती स्टेटच्या इमारतीत. नेवार्क, ट्रेंटन किंवा कॅम्डेनचं फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्ट न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाच्या डोक्यावर बसलेलं नाही, ते बाजूच्या इमारतीत आहे. तिथला न्यायाधीश 'स्टेटने चूक निकाल दिला' एवढ्यावर निकाल फिरवू शकत नाही, त्याला फक्त एवढंच बघायचंय की अमेरिकेच्या राज्यघटनेने दिलेला हक्क मोडून या माणसाला आत ठेवलंय का, आणि तेही स्टेटला ती चूक सुधारायची पुरेपूर संधी आधी मिळाल्यावर. यालाच इथे 'स्टेट रेमेडीज एक्झॉस्ट करणं' म्हणतात. 1886 सालच्या एक्स पार्टे रॉयल या केसपासून ही प्रथा आहे आणि 1948 पासून कायद्यातच लिहून ठेवलीय.

काका भारतातला अनुभव धरून बोलत असावेत. आपल्याकडे हेबियस कॉर्पस म्हटलं की कलम 226, कलम 32, पोलिसांनी उचलून नेलेल्या माणसाला कोर्टासमोर हजर करा, असं चित्र उभं राहतं, आणि ज्यांनी आणीबाणी पाहिलीय त्यांना हेबियसचा हक्क नाकारणारा 1976 चा एडीएम जबलपूरचा निकाल आणि न्यायमूर्ती खन्नांचं एकट्याचं वेगळं मत आठवतं. ते हेबियस वेगळं. इथे ट्रायल होऊन, ज्युरी बसून, अपील हरून झाल्यावर वापरायचं हेबियस ही वेगळ्या जातीची गोष्ट आहे, नाव तेवढं एक.

काकांचं म्हणणं, की स्टेट कोर्टं एकमेकांना सांभाळून घेतात, ते मी खोडून काढत बसत नाही. तुमच्या मनातला राग मला कळतो. पण 'ते नाहीच म्हणणार आहेत, मग कशाला जायचं' हे कारण फेडरल कोर्ट ऐकून घेत नाही, वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने 1982 मध्येच हे स्पष्ट केलंय. यातून सूट मिळते ती स्टेटमध्ये दाद मागायचा मार्गच शिल्लक नसेल तर, किंवा मार्ग असून तो निकामी असेल, म्हणजे उदाहरणार्थ अर्ज वर्षानुवर्षं कारण नसताना पडून राहिला तर. तुमच्या भावाचा तर पीसीआरचा मार्ग सताड उघडा आहे, त्यामुळे त्याला ही सूट नाही.

मग समजा काकांचं ऐकून उद्याच फेडरलमध्ये गेलात तर काय होईल, ते बघू. पोलिसांनी प्रश्न चालू ठेवले हा मुद्दा स्टेटमध्ये शेवटपर्यंत जाऊन आलाय, तो एक्झॉस्ट झालेला. साक्षीदाराला न बोलावल्याचा मुद्दा स्टेटच्या एकाही न्यायाधीशाने अजून वाचलेला नाही. दोन्ही एका अर्जात घातले की तो 'मिक्स्ड' अर्ज होतो, आणि 1982 च्या 'रोज विरुद्ध लंडी' या केसपासून असा अर्ज परत पाठवतात, नाहीतर सांगतात की न झालेला मुद्दा काढून टाका. काढलात तर तो मुद्दा जवळजवळ कायमचा गेला, कारण दुसरा हेबियस अर्ज टाकायचे दरवाजे अतिशय अरुंद आहेत. परत पाठवला तर त्यात गेलेले दिवसही गेले, कारण फेडरल अर्ज पेंडिंग असताना फेडरलचं घड्याळ थांबत नाही, हे 2001 च्या डंकन विरुद्ध वॉकरमध्ये ठरलंय. 2005 पासून एक मधला मार्ग आहे, फेडरल अर्ज तिथेच थांबवून ठेवून स्टेटमध्ये जाऊन यायचं, पण त्याला आधी का गेला नाहीत याचं चांगलं कारण द्यावं लागतं. ज्यांच्याकडे 15-20 दिवसच उरलेत त्यांनी तो मार्ग वकिलाला जरूर विचारावा. तुमच्याकडे 215 आहेत, तुम्हाला त्याची गरज पडू नये.

म्हणून माझं स्पष्ट मत, घरावर कर्ज काढू नका, निदान आत्ता आणि फेडरलसाठी तर नाहीच. पहिल्या पीसीआरला न्यू जर्सीत पब्लिक डिफेंडरतर्फे वकील मिळतो. ही सोय सगळीकडे नाही, राज्यघटनेने तसा हक्क दिलेलाच नाही, त्यामुळे जिथे आहे तिथे ती वापरा. भावाने स्वतः साध्या फॉर्मवर पहिला अर्ज टाकायचा, नेमलेला वकील पुढे त्यात भर घालतो. परफेक्ट अर्जाची वाट बघत बसू नका. महिन्याभरात गेला तर 180 दिवस खर्च झालेले असतील आणि 185 शिल्लक राहतील, ते पीसीआरचं सगळं संपल्यावर वापरायला. पैसे खर्च करायचेच असतील तर एखाद्या तपासनीसावर करा, जो त्या सहकाऱ्याला गाठून त्याचं म्हणणं लिहून घेईल. यातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

कारण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "स्टेटची फॉर्मॅलिटी उरकून मग खऱ्या कोर्टात जाऊ." ताई, मला सगळ्यात जास्त काळजी या वाक्याची वाटली. खरं कोर्ट हेच आहे. 2011 च्या कलन विरुद्ध पिनहोल्स्टरमध्ये वॉशिंग्टनचं सुप्रीम कोर्ट म्हणालं, की स्टेटने एखाद्या मुद्द्यावर निकाल दिला असेल तर फेडरल न्यायाधीश फक्त तेवढेच कागद बघणार जे स्टेट कोर्टासमोर होते. 2022 मध्ये आणखी पुढे गेले, पीसीआरच्या वकिलाने हलगर्जीपणा करून पुरावा आणला नसला तरी फेडरलमध्ये नवा पुरावा आणायची परवानगी जवळजवळ मिळत नाही. म्हणजे तुमचा साक्षीदार आत्ता स्टेटच्या फाइलमध्ये आला नाही तर तो पुढे कधीच येणार नाही, तुम्ही कितीही महागडा फेडरल वकील करा.

आणि फाइलमध्ये येणं म्हणजे भावाने 'माझ्या वकिलाने साक्षीदार बोलावला नाही' असं लिहिणं नव्हे. न्यू जर्सीत एवढ्यावर सुनावणीसुद्धा मिळत नाही. त्या माणसाचं स्वतःचं शपथेवरचं निवेदन लागतं. मी कुठे उभा होतो, काय पाहिलं, आधी हात कोणी उचलला, मला कोणी वकिलाने कधी फोन केला नाही, केला असता तर मी येऊन हेच सांगितलं असतं. शेवटचं वाक्य विसरतात लोक, आणि ते नसलं तर सरकारी वकील म्हणतो कशावरून आला असता. सही, तारीख. तो नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात जायच्या आत.

आता एक काम तुम्हाला घरी बसून करता येईल. अपीलाचं ब्रीफ, म्हणजे वकिलाने कोर्टात दिलेला लेखी युक्तिवाद, काढा, पिवळा हायलायटर घ्या. ब्रीफमध्ये 'पॉइंट वन' असं ठळक अक्षरात हेडिंग असतं, तिथून सुरू करा आणि जिथे जिथे अमेरिकेची राज्यघटना, फिफ्थ अमेंडमेंट (स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही हा हक्क), मिरांडा (चौकशीआधी पोलिसांनी हक्क सांगायचा नियम), किंवा वकील मागितल्यावर प्रश्न थांबवायला सांगणारी 1981 ची एडवर्ड्स विरुद्ध अ‍ॅरिझोना असे शब्द दिसतील ते रंगवा. मग सर्टिफिकेशनच्या अर्जात तेच करा. वेडेपणा वाटेल, पण याच शब्दांवर केसेस गेल्यात. ओरेगॉनच्या एका कैद्याने, रीजने, राज्याच्या सुप्रीम कोर्टात लिहिलं होतं की माझ्या अपीलाच्या वकिलाने काम नीट केलं नाही, पण हा फेडरल घटनेचा भंग आहे असं म्हणायचं राहिलं. 2004 मध्ये वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, हा मुद्दा राज्यापुढे नीट मांडलाच गेला नाही, आणि राज्याच्या न्यायाधीशाने फेडरल मुद्दा शोधायला खालच्या कोर्टाचे निकाल उघडून बघावेत अशी अपेक्षा धरता येणार नाही. न्यू जर्सीत गप्प राहण्याचा हक्क राज्याच्या स्वतःच्या कायद्यातही आहे, त्यामुळे वकील नुसत्या न्यू जर्सीच्या केसेस देऊन मोकळे होतात. रंगवून झालं आणि पानं पांढरीच राहिली, तर ते नेमलेल्या वकिलाला पहिल्याच भेटीत दाखवायला हवं.

पीसीआरमध्येही हाच सापळा आहे. वकिलाच्या निष्काळजीपणाची मुख्य फेडरल केस 1984 ची स्ट्रिकलंड विरुद्ध वॉशिंग्टन, तिचंच माप न्यू जर्सीने 1987 मध्ये स्टेट विरुद्ध फ्रिट्झमध्ये स्वीकारलं. ब्रीफमध्ये दोन्ही नावं हवीत आणि 'सिक्स्थ अमेंडमेंट' (वकील मिळण्याचा हक्क) हे शब्द हवेत. भावाला सांगा, जे जे मुद्दे त्याला मांडायचेत ते सगळे हाताने लिहून वकिलाला दे. न्यू जर्सीत वकिलाला एखादा मुद्दा कच्चा वाटला तरी तो कोर्टापुढे ठेवावाच लागतो, 2002 च्या 'स्टेट विरुद्ध रू' या केसमध्ये तसं ठरलंय.

मग चढायचं ते शेवटपर्यंत. पीसीआर फेटाळला तर 45 दिवसांत अपील, तिथेही नाही म्हटलं तर 20 दिवसांत राज्याच्या सुप्रीम कोर्टाला नोटीस. 'सुप्रीम कोर्ट हजारातले थोडेच घेतं, कशाला जायचं' असं म्हणून इथे थांबायचं नाही. इलिनॉयच्या बोर्केलने ही शेवटची पायरी काही मुद्द्यांसाठी सोडली आणि 1999 मध्ये त्या मुद्द्यांचं फेडरलचं दार बंद झालं. एकेक दिवसाचं महत्त्व किती असतं ते व्हर्जिनियाच्या रॉजर कोलमनच्या केसमध्ये दिसतं. त्याच्या वकिलांनी स्टेटमधल्या अपीलाची नोटीस 30 ऐवजी 33 व्या दिवशी दिली. तीन दिवस. 1991 मध्ये वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने त्याचे मुद्दे ऐकायला नकार दिला, फाशीची केस असूनही, आणि त्या निकालाचं पहिलंच वाक्य असं आहे की ही केस फेडरलिझमबद्दल आहे. माणसाबद्दल नाही म्हणाले. मला ते वाक्य अजून पचत नाही, पण नियम तो आहे आणि तुम्हाला त्याच नियमात खेळायचंय.

राज्याच्या सुप्रीम कोर्टाने पीसीआरवर अखेरचं नाही म्हटलं की घड्याळ पुन्हा सुरू होतं, आणि या वेळी 90 दिवसांची सवलत नाही. फ्रिजवर कालनिर्णय लावत असाल तर त्या दिवशी लाल पेनने गोल करा आणि उरलेले दिवस संपायच्या 60 दिवस आधीच्या तारखेला दुसरा. फेडरल अर्जाची फी फक्त 5 डॉलर आहे. भावाने तुरुंगातल्या अधिकाऱ्याच्या हातात पाकीट दिलं तो दिवस फेडरलमध्ये दाखल झाल्याचा धरतात, म्हणून लीगल मेलची पावती, नोंद, जे मिळेल ते त्याने जपून ठेवायचं आणि त्याची कॉपी तुमच्याकडे.

शिक्षा संपण्याबद्दल. इथे माझ्याकडे गोड उत्तर नाही. पीसीआर, अपील, सर्टिफिकेशन यात वर्षं जातात, आणि आठ वर्षांच्या 85 टक्के म्हणजे सहा वर्षं नऊ-दहा महिने. भाऊ बाहेर यायच्या सुमारास फेडरल अर्जाची वेळ येईल अशी बरीच शक्यता आहे. अर्ज टाकताना तो 'कस्टडी'त असावा लागतो, पण परोलवरची देखरेखसुद्धा कस्टडीच धरतात आणि त्याच्या शिक्षेला ती जोडलेली आहे. शिवाय त्याची केस सुटकेच्या दिवशी संपत नाही, ग्रीन कार्ड असलेल्या माणसाला अशा कन्व्हिक्शनवरून देशाबाहेर काढू शकतात. हा भाग इमिग्रेशनच्या वकिलाला वेगळा दाखवा, तेवढ्या एका भेटीचे पैसे मात्र जरूर खर्च करा.

दुसऱ्या राज्यांतून असेच प्रश्न आलेत, त्यांच्यासाठी. टेक्ससमध्ये 11.07 चा अर्ज (तिथलं स्टेटचं हेबियस) शिक्षा देणाऱ्या कोर्टातच दाखल होतो आणि निकाल ऑस्टिनचं कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील्स देतं. त्याला स्टेटची ठरलेली मुदत नाही म्हणून लोक निवांत राहतात आणि फेडरलचं वर्ष निघून जातं, शिवाय दुसरा अर्ज सहसा ऐकत नाहीत, तेव्हा पहिल्यातच सगळं घाला. पेन्सिल्व्हेनियात आणि अ‍ॅरिझोनात राज्याच्या सुप्रीम कोर्टाची शेवटची पायरी फेडरल हेबियससाठी सक्तीची धरत नाहीत, पण पेन्सिल्व्हेनियात स्टेटच्या अर्जाची मुदतच एक वर्ष आहे. ज्यांच्या माणसाला फेडरल कोर्टानेच शिक्षा दिलीय किंवा जो इमिग्रेशन डिटेन्शनमध्ये आहे, त्यांनी यातलं काही स्वतःला लावून घेऊ नका, त्यांचे अर्ज वेगळे.

आईंना फोनवर हे सगळं सांगू नका. एवढंच सांगा की आत्ता बोलावण्यासारखा एक साक्षीदार सापडलाय, त्याचं म्हणणं लिहून घेतोय, आणि ते ज्या कोर्टात पहिल्यांदा ठेवावं लागतं तिथे ठेवतोय. आणि येत्या भेटीच्या दिवशी भावाला विचारा, लॉ लायब्ररीतून पीसीआरचा फॉर्म मिळाला का. नसेल तर कोर्टाच्या वेबसाइटवरून प्रिंट काढून साध्या टपालाने पाठवा, दोन कॉप्या, एक खराब झाली तर असावी म्हणून.